मला घोडी केलं, त्याची हकिगत

माणसानं आपल्या आजीशी कसं वागावं हे शाळेत शिकवत नाहीत, कारण ते घरात शिकवलेलं असतं असं सरकार धरून चालतं. आमच्या घरात ते शिकवायचं राहून गेलं असणार. नाहीतर माझी सख्खी नात रुचिता, जिला मी न्हाऊमाखू घातलं, जिच्या उवा मी काढल्या, तिनं मला घोडी केलं नसतं. आणि केलं ते केलं, साऱ्या मुरबाड-शहापूरला दाखवलं.

मी ताराबाई. धसईजवळ आमचं गाव. शाळा माझी दुसरीपर्यंत. तिसरीत बसायच्या आधी बापानं हातात काठी दिली आणि गुरांमागं धाडलं. पण अक्षर येतं, सही येते, आणि कोण कुठं चुकलं ते लगेच कळतं. ही हकिगत माझी मी लिहिली आहे. काना-मात्रा सूनबाईनं, दिपालीनं, तपासल्या. मजकुराला मात्र तिला हात लावू दिलेला नाही. का ते पुढं कळेल.

रुचिता दिपालीची मुलगी. ठाण्याला नोकरी करते. काय नोकरी, असं कोणी विचारलं की पूर्वी मी 'कॉम्प्युटरवर असते' एवढंच सांगायची, कारण 'कार्टून काढते' असं सांगितलं की समोरचा माणूस पोरीच्या लग्नाची काळजी करायला लागतो. तिनं एकदा मला नीट समजावलं. शास्त्रातल्या अवघड गोष्टी असतात. मोबाईलमधला आवाज टॉवरपर्यंत कसा जातो, साखरेच्या आजारात रक्तात काय होतं, असल्या. त्या चित्रं काढून, चित्रं हलती करून, सोप्या करून सांगायच्या, म्हणजे शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतात.

"म्हनजे कीर्तनकार करतो तेच की," मी म्हटलं. "अवघड पोथीत, सोपं कथेत."

"तसंच, आजी."

"त्याला निदान पंचा-नारळ मिळतो. तुला?"

ती हसली. ती फार हसते. हे लक्षात ठेवा.

तर ठाण्याच्या एका संस्थेनं तिला सर्पदंशावर सिनेमा करायला सांगितला. आमच्याकडं पावसाळ्यात आणि भातकापणीत साप पाहुण्यासारखा असतो, न बोलावता येतो आणि नेमका कामाच्या वेळी. सापाच्या विषावर दवाखान्यात सुई मिळते. ती सुई कशी तयार होते, ती का लागू पडते, हे त्यात सांगायचं होतं. मे महिन्यात रुचिता गावी आली ती कागद घेऊनच. ओटीवर बसून तिनं वाचून दाखवलं.

"'अश्वाच्या शरीरात अल्प मात्रेत विष टोचल्यावर त्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात.' कळलं, आजी?"

"पिंड कळले. कोन गेलं?"

आमचे मालक, सावळाराम, झोपाळ्यावर बसून पान जुळवत होते. चार माणसांत चार शब्द बोलायचे नाहीत असा त्यांचा नेम आहे. तेसुद्धा म्हणाले, "अश्व कशाला? घोडा म्हन ना पोरी."

मग तिनं सोपं करून सांगितलं. घोड्याला विष टोचतात, पण अगदी थोडं. घोडा मरत नाही. थोडे दिवस गेले की आणखी थोडं टोचतात. असं करता करता घोड्याच्या रक्तालाच त्या विषाशी लढायची सवय होते. ते लढणारं जे काही रक्तात तयार होतं, ते काढून घेतात आणि साप चावलेल्या माणसाला देतात.

मी म्हटलं, "एवढंच ना? मग असं सांग. नवी सून घरात आली. पयल्याच दिवशी सासूनं सगळं बोलून घेतलं तर सून हिरीत उडी टाकंल. पन सासू शानी असते. रोज थोडं टोचते. आज भाकरीवरून, उद्या म्हायेरावरून. करता करता सुनंचं रक्त असं तयार होतं की मंग सासूनं कायपन बोलू दे, तिला ढिम्म होत नाय."

दिपाली दारात उभी होती, हातात पळी. ती म्हणाली, "आनि मंग जुन्या सुनंनं ते नव्या सुनंला शिकवलं, की नवीला पयल्या दिवसापासूनच काय होत नाय."

"आई! एक्झॅक्टली!" रुचिता टाळी वाजवून ओरडली. "हेच अँटिव्हेनम!"

दिपाली पळी घेऊन आत गेली. पंचवीस-सव्वीस वर्षांत ती माझ्यासमोर इतकं लांब वाक्य बोलली नव्हती. तिला बोलून उपयोगही नव्हता. तिचं रक्त तयार झालेलं, हे आत्ताच शास्त्रानं सिद्ध झालं होतं.

रुचितानं ठरवलं की सांगणारीचा आवाज माझाच. आवाज कुठं धरायचा, तर भाताच्या कोठीच्या खोलीत. पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. शेजारची गंगी, जिची आणि माझी चाळीस वर्षांची उणीदुणी आहेत, सल्ला द्यायला हजर झाली.

"तारे, घसा बसंल. खडीसाखर धर तोंडात. आनि शालू नेस."

"आवाजाला शालू कशाला गो?"

"कार्य ते कार्य. उद्या कोनी ईचारलं काय नेसली होतीस, तर काय सांगशील? गाऊन?"

हे मला पटलं. गंगीचं एखादं बोलणं मला पटतं, ते मी तिला कळू देत नाही. भर मे महिन्यात, दार लावून, पोत्यांच्या मधोमध, शालू नेसून मी बसले. वर पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. मालकांना ओटीवरून उठवून पार गोठ्यात धाडलं, कारण त्यांचा खोकला येतो. कोंबड्या झाकल्या. मी जे बोलले ते घामानं निथळत बोलले, आणि मन लावून बोलले. सासू-सुनेचं सांगितलं, विषाचं सांगितलं, चावलेला हात हलवू नये, घट्ट बांधू नये, चिरा मारू नयेत, हे सांगितलं. शेवटी दवाखान्यात जा हे सांगायचं होतं, तर रुचिता म्हणाली, "ते डॉक्टर सांगेल, आजी. चष्मा घातलेला एक डॉक्टर काढलाय, त्याला आमच्या ऑफिसमधला एक मुलगा आवाज देतोय."

मला काय, मी घसा वाचवला. बाहेर आल्यावर विचारलं, "माझं चित्र कसं काढनार?"

"आजी, तू सगळ्यात महत्त्वाचं पात्र आहेस."

"ते हायच. काठ जांभळा घे. आनि नाकात नथ घाल, मोत्याची, नुसती सोन्याची मुदी नको."

तिनं मान डोलावली आणि लिहून घेतलं.

त्यानंतर ते प्रकरण संस्थेच्या समितीत गेलं. समिती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एका कामाला जितकी माणसं नकोत तितकी एका टेबलाभोवती बसली की तिला समिती म्हणतात. एक म्हणाला, भाषा प्रमाण हवी. दुसरी बाई म्हणाली, सासूचा उल्लेख सासवांना दुखावेल. तिसऱ्यानं विचारलं, या कलाकाराकडं कलाकार असल्याचा दाखला आहे का? नव्हता. जन्माचा दाखला नाही, तिथं कलेचा कुठून असणार? मग माझा आवाज काढून ठाण्याच्या एका शिकलेल्या बाईचा आवाज घातला आणि धसईच्या बाजारात चार माणसांना दाखवून बघितला. चौघांनी मिळून विचारलं की हा विमा कुठं भरायचा. तेव्हा समितीनं माझा आवाज परत घातला. दाखल्याच्या जागी 'स्थानिक ज्येष्ठ नागरिक' असं लिहिलं. ज्येष्ठ हे बरोबर आहे.

पाऊस लागला आणि सिनेमा मोबाईलवर आला. आमच्याकडं रेंज गोठ्यामागच्या जांभळीखाली लागते. तिथं आधी गंगी पोहोचली. पावसातून, डोक्यावर इरलं घेऊन धावत आली. ही बाई स्वतःच्या नातवाच्या बारशाला एवढी धावली नव्हती.

"तारे! घोडी झालीस गो तू!"

"काय बरळतेस?"

"लगीन होऊन आलीस तवा तुझी सासू म्हनायची, सून गाय हाय गाय. बघ आता!"

मी बघितलं. हिरवं रान, डोंगर, त्यात एक पांढरी घोडी. पाठीवर झूल, झुलीचा काठ जांभळा. नाकात नथ, मोत्याची, मुदी नाही. आणि तिनं तोंड उघडलं, दात दाखवले, आणि त्या दातांतून माझा आवाज आला: "नवी सून घरात आली..."

मालक मागून वाकून बघत होते. मी त्यांच्याकडं वळले, निदान हा माणूस तरी काही म्हणेल.

"आवाज बरोबर हाय," ते म्हणाले.

मी रुचिताला फोन लावला. जांभळीखाली, इरल्यात. शास्त्र कळावं म्हणून आजीला जनावर करायची काय गरज, हे विचारलं. ती म्हणाली, "आजी, औषध घोडीतूनच येतं ना? मग घोडीनंच सांगितलेलं बरं. आणि लोकांना प्राणी आवडतात."

"मंग तुझ्या बापाला गाढव कर. त्याला आवाजपन द्यायला नको."

ती हसली. सांगितलं ना, ती फार हसते.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. धसईच्या बाजारात सुकट घ्यायला गेले तर कोळीण बाजूच्या बाईला म्हणाली, "थांब, आधी घोडीआजीला दे." मानानं म्हणाली, म्हणून भांडताही येईना. एसटीत पोरं खिंकाळायची. सापगावहून दिपालीचा भाऊ शाम याचा फोन आला, आमच्या ताईला रोज थोडं थोडं टोचता हे सिनेमात सांगायची काय गरज होती? मी म्हटलं, अरे, ते शास्त्र आहे. तो म्हणाला, शास्त्र असेल, पण ताई आमची आहे. दोन सण त्या लोकांनी आमच्याकडं पाय ठेवला नाही. दिपाली मात्र गुणगुणत भाकऱ्या थापत होती. म्हसा गावच्या जत्रेला दरवर्षी मी घोंगडी घ्यायला जाते. यंदा तिथल्या गुरांच्या बाजारातून कसं जायचं, याची मला भादव्यापासून चिंता लागली होती.

पण हा झाला मानाचा प्रश्न. मान दुखतो, मरत नाही. खरा घोर पुढं लागला.

एक दिवस पलीकडच्या पाड्यावरची बाई पोराला कडेवर घेऊन आली. पोराला गोम चावली होती. "आजी, तुझी सुई दे," म्हणाली.

"माझी कुठली सुई?"

"तूच सांगितलंस ना, तुझ्या रक्तात औषध तयार झालंय."

मी तिला चांगलं फैलावर घेतलं, मग पाणी दिलं, मग आरोग्य केंद्रात धाडलं. चार दिवसांनी विंचू चावलेला एक बाप्या आला. मग गांधीलमाशीवाली. एकानं तर कुत्रं चावलेलं दाखवलं. प्रत्येकाला मी तेच सांगायची, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच: "आवाज तुमचाच व्हता ना?" आवाज माझाच होता. आमच्याकडं ज्याचा शब्द त्याच्याकडं काम, अशी रीत आहे. लग्न जमवलं त्यानं भांडण मिटवायचं, बैल सुचवला त्यानं तो बुजला तर धरायचा. औषध मी सांगितलं. मग ते माझ्याकडंच मिळणार, यात त्या लोकांचं काय चुकलं?

मी पुन्हा जांभळीखाली गेले आणि रुचिताला सांगितलं, "लोकं माझ्या दारात येतात. आज गोम हाय. उद्या घोनस चावलेला येईल, मंग?"

"आजी, शेवटी डॉक्टर सांगतो ना क्लिअर, दवाखान्यात जा म्हणून! आणि तुला माहितेय किती व्ह्यूज झालेत? तू फेमस झालीस!"

आणि हसली. तेव्हा मात्र मला राग आला नाही, भीती वाटली.

भात कापणीला आलं. वरच्या वाडीतला धाकलू एका गवळ्याच्या खळ्यावर भारे लावत होता. अंगानं काटक, तिशीतला गडी, घरी बायको भिमी आणि दोन लेकरं. पेंढ्यात हात घातला आणि घोणसीनं मनगटाच्या खाली धरला. त्या खळ्यावरून खाली उतरलं की फाटा लागतो. डावीकडं धसई, पुढं मुरबाड, सरकारी दवाखाना. उजवीकडं आमचं गाव. गवळ्यानं धाकलूला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं, मागं त्याचा बाप धोंडी. फाट्यावर आले. आणि उजवीकडं वळले.

मी अंगणात उडीद पाखडत होते. भिमी आडवाटेनं पळत आली होती, ती गाडीच्या आधी पोहोचली. माझे पाय धरले.

"आजी, तुझं औषध दे गो."

मागून धाकलू उतरला. हात कोपरापर्यंत सुजून चकचकीत झालेला. हिरड्यांना रक्त. धोंडी गोठ्याकडं बघत होता. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "आई, घोडी कुठं बांधलीय?"

ही गोष्ट मी पुढं कोणाला सांगितली की लोक हसतात. हसा. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून मला हसू आलं नाही. तो काही येडा नव्हता. सिनेमात जे दाखवलं, त्यातलं एकही अक्षर तो चुकला नव्हता.

"धोंडी, इथं घोडी नाय, औषध नाय. मुरबाडला हाय. धाकल्या, बस खाली, चालू नको. हात हलवू नको. भिमे, रडू नको, तुझं रडनं बघून त्याचं काळीज पळतंय."

मालक बोलायच्या आत मी गंगीच्या अंगणात. तिच्या लेकाची, प्रणयची, पिकअप भेंडीचे क्रेट भरून कल्याणला निघायला उभी होती. चाळीस वर्षांत मी गंगीकडं काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा.

"गंगे, गाडी पायजे."

गंगीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मागं धाकलूकडं बघितलं. मग तिनं पदर खोचला आणि पहिला क्रेट स्वतः रस्त्यावर उलटा केला. "परन्या, बघत काय ऱ्हायलास! उतरव!" तिची सगळी भेंडी धुळीत गेली. "तारे, बोलत बसू नको आता. चढ."

धाकलूला गोधडीवर आडवं केलं. मी, भिमी, धोंडी मागं. गाडी फाट्यावर आली, आता सरळ धसईच्या रस्त्याला लागायची, तर धोंडीनं केबिनवर थाप मारली. फाट्यालगत गोजर भगताचं घर. गोजरला कोणीतरी कळवलेलं. तो हातात पाला आणि तांब्या घेऊन रस्त्यातच उभा होता.

"आई, थोडं थांबू दे. गोजर मंतर घालंल. वाडीत उद्या लोकं ईचारतील, भगताला का नाय दाखवला, तर मी काय सांगू?"

सिनेमात इथं भगतावर लाल फुली येते आणि 'टँव' असा आवाज होतो. इथं फुली कोण मारणार? धोंडी बाप होता. मी कोण? मला भांडता आलं असतं, पण भांडण म्हणजे वेळ. आणि धाकलूच्या हिरड्यांतलं रक्त आता ओठावर आलं होतं.

मी वाकून विचारलं, "गोजर, तुझा मंतर बसल्या जागीच लागतो, का चालत्या गाडीतपन लागतो?"

गोजरला ते लागलं. तो ताठ झाला. "मंतराला जागा नाय लागत, आई."

"मंग चढ."

तो चढला. दुसरं काय करतो? बोलून बसला होता. धाकलूच्या उशाला बसला, आणि मी त्याला सांगितलं, मंतर तोंडानं म्हण, पण दोन्ही हातांनी त्याचा हा हात धर आणि खड्ड्यात हलू देऊ नको. त्या रस्त्याला खड्डे नाहीत असं एक वावभर अंतर दाखवा. गोजरनं धाकलूचा हात मांडीवर धरला तो तान्हं मूल धरावं तसा, आणि मुरबाड येईपर्यंत त्याचं पुटपुटणं थांबलं नाही. धाकलू त्याच्याकडं बघत पडला होता. घाबरला नव्हता. मधेच गोजर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या नातीनं मला, भगताला, राक्षसासारखे सुळे काढलेत चित्रात, आई. पोरानं दाखवलं मोबाईलवर. मी बघितलं नाय पुढं."

मी म्हटलं, "मला घोडी केलीय रे."

"घोडी बरी," तो म्हणाला.

दवाखान्यात सिस्टर धावत आली. तिनं धाकलूला घेतलं, मी तिला सांगायला लागले, आणि ती थबकली. "आवाज ओळखीचा वाटतो. तुम्ही त्या..."

"माझ्याकडं बघू नका, बाई. त्याच्याकडं बघा."

डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं काचेच्या नळीत धाकलूचं रक्त काढलं आणि टेबलावर उभं करून ठेवलं. वीस मिनिटं हात लावायचा नाही म्हणाला. गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष रक्तात गेलं. हे मला पाठ होतं, मीच बोलले होते पोत्यांमध्ये बसून. सिनेमात तिथं एक घड्याळ येतं, त्याचे काटे गर्रकन फिरतात, नळी तिरकी होते, झालं. इथं घड्याळ भिंतीवर होतं आणि ते फिरत नव्हतं. भिमी नळीसमोर उकिडवी बसली होती. पापणी लववत नव्हती, जणू तिनं डोळे काढले तर रक्त गोठायचं विसरेल.

डॉक्टरनं नळी वाकडी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं.

मग औषधाच्या कुप्या आल्या. आत चुन्याच्या चिमटीएवढी पांढरी भुकटी, त्यात पाणी घालून हलवायचं. एक, मग दुसरी, मग पुढच्या. मी ती कुपी बघत राहिले. कुठंतरी खरीच एक घोडी उभी असेल, दर थोड्या दिवसांनी टोचून घेत, कोणासाठी ते तिला माहीत नाही. मला त्या नथवालीचा जो राग होता तो तिथं भिंतीला टेकून उभी असताना गळून गेला.

डॉक्टर वर न बघता म्हणाला, "चावून बराच वेळ झालाय. इतका वेळ कुठं होतात?"

धोंडीनं माझ्याकडं बोट दाखवलं. तक्रार म्हणून नव्हे. विचारलं म्हणून सांगितलं.

मी पदरानं धाकलूच्या ओठावरचं रक्त पुसलं.

धाकलू वाचला. हे आधी सांगायला हवं होतं, पण वाट बघणं काय असतं ते तुम्हालाही कळू दे. त्याला पुढं ठाण्याला नेलं, मूत्रपिंडावर आलं होतं, मशीनवर रक्त धुवावं लागलं. आला तेव्हा अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. बोटं अजून नीट मिटत नाहीत. यंदाचा हंगाम त्याचा गेला. पुढच्याचं बघू, असं डॉक्टर म्हणतात. लवकर आणला असता तर एवढं झालं नसतं, असंही म्हणतात. ते 'लवकर' म्हणजे कुठलं, ते मला माहीत आहे. फाटा ते माझं अंगण.

आणि अशात रुचिता पेढे घेऊन आली. सिनेमाला बक्षीस मिळालं. शहापूरला सभागृहात कार्यक्रम, माझा सत्कार, गाडी पाठवतात. मी तिला धाकलूचं सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, "आजी, पण फिल्ममध्ये चूक काहीच नाही गं. मी तीन डॉक्टरांकडून तपासून घेतली." तेही खरंच होतं.

मी गेले. शालू नेसून. गंगीला बरोबर घेतलं. तिच्या भेंडीचा कोणी सत्कार केला नव्हता. स्टेजवर शाल आली, नारळ आला, पाठीमागं पडद्यावर ती पांढरी. सूत्रसंचालन करणारी पोरगी लाडानं म्हणाली, "आता आजी दोन शब्द बोलतील, आपल्या लाडक्या घोडीच्या आवाजात!" टाळ्या पडल्या. मी माईक हातात घेतला. पाहुण्यांना नमस्कार केला नाही, तो राहून गेला. रुचिता स्टेजच्या कडेला ते काचेचं बक्षीस छातीशी धरून उभी होती. मी तिला हाक मारली.

"इकडं ये गो. अशी समोर. तुझी घोडी चांगली हाय, साप चांगला हाय, चूक एक नाय. पन तुझ्या सिनेमात रस्ता नाय. खळ्यावर मानसाला चावला, की पुढल्या चित्रात खाटेवर. मधी फाटा हाय, तो तू खोडलास, आनि तिथंच धाकलू चुकला. औषध माझ्या तोंडी घातलंस नि दवाखाना त्या चष्मेवाल्याच्या. लोकांनी माझं ऐकलं, त्याचं नाय ऐकलं, कारन मी त्यांची, तो कोन? आनि गोजरला सुळे काढलेस. ज्याला सुळे काढलेस त्यानं तुझं पुढं का बघावं? त्याला गाडीत बसव. धाकल्याचा हात त्याच्या मांडीवर दे. भिमी नळीकडं बघत बसलेली दाखव, घड्याळ पळवू नको. लोकं कंटाळली तर कंटाळू दे, ती पन ताटकळली नव्हती का? तू सोपं करायला बसलीस, आनि जे अवघड होतं तेवढंच गाळलंस. हुशार हायस, पन घाईची हायस. आता ते काचेचं खाली ठेव, आनि उद्या सकाळी माझ्यासंगं फाट्यावर चल. तिथं उभी ऱ्हाऊन काढ. आनि या खेपेला, डावीकडं वळा, हे मी बोलनार."